विजेच्या चार राशींचा हिशेब

विजेवर चालणारी इस्त्री, शेगडी किंवा पाणी तापविण्याची कांब नीट पाहिली, तर तिच्यावर कोठे तरी एक लहानशी पट्टी आढळते. त्या पट्टीवर ‘२३० व्होल्ट, १००० वॉट’ असे काही आकडे असतात. पहिला आकडा विजेच्या दाबाचा आणि दुसरा शक्तीचा. इस्त्रीतून किती प्रवाह वाहील, तिच्या आतील तारेचा रोध किती, हे पट्टीवर बहुधा लिहिलेले नसते. तथापि वरील दोन आकड्यांवरून या दोन्ही गोष्टी काढता येतात. दाब, प्रवाह, रोध आणि शक्ती या चार राशींपैकी कोणत्याही दोन ठाऊक असल्या, की उरलेल्या दोन साध्या गुणाकार-भागाकाराने मिळतात.

हा हिशेब केवळ परीक्षेतील उदाहरणांपुरता नाही. वीज वाहत असता तिची उष्णता नेमकी कोठे निर्माण होते, हे त्याच्याच साहाय्याने कळते. ती इस्त्रीत निर्माण झाली तर आपले काम होते. भिंतीतील तारेत किंवा सैल झालेल्या प्लगमध्ये निर्माण झाली तर आग लागण्याचा संभव असतो. म्हणून हा हिशेब मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

दाब, प्रवाह आणि रोध

धातूच्या तारेत असंख्य इलेक्ट्रॉन मोकळेपणी हिंडत असतात. तारेची दोन टोके विद्युत्‌घटाला जोडली की या इलेक्ट्रॉनांना एका दिशेने गती मिळते व तारेतून विद्युत्‌भार वाहू लागतो. एका सेकंदात जितका भार तारेच्या छेदातून पलीकडे जातो, त्यावरून प्रवाह मोजतात. प्रवाहाचे एकक अँपिअर होय. एक अँपिअर प्रवाह वाहत असता दर सेकंदाला एक कूलंब भार, म्हणजे सहावर अठरा शून्ये मांडली असता होईल त्याहून थोड्या अधिक संख्येचे इलेक्ट्रॉन, छेद ओलांडून जातात.

प्रवाह वाहावयास काही कारण लागते. उंचावरील टाकीतील पाणी नळातून खाली येते, ते उंचीतील फरकामुळे. त्याचप्रमाणे तारेच्या दोन टोकांमध्ये जो विद्युत् फरक असतो, त्यामुळे भार वाहतो. या फरकाला शास्त्रात विभवांतर म्हणतात. व्यवहारात त्याला विजेचा दाब म्हणण्याचा प्रघात आहे. दाबाचे एकक व्होल्ट होय. एक कूलंब भार पलीकडे जाताना एक जूल ऊर्जा खर्च होत असेल, तर त्या दोन टोकांमधील दाब एक व्होल्ट समजावा. विजेरीतील सामान्य कोरड्या घटाचा दाब १.५ व्होल्ट असतो. भारतात घरोघरी येणाऱ्या विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्रवाह तारेतून वाहतो. दाब दोन ठिकाणांमध्ये असतो. म्हणून प्रवाह मोजणारा अँमीटर मंडलाच्या मार्गातच जोडावा लागतो, आणि दाब मोजणारा व्होल्टमीटर ज्या भागावरील दाब पाहावयाचा त्या भागाच्या दोन टोकांना जोडावा लागतो. ‘तारेतून २३० व्होल्ट वाहतात’ असे बोलले जाते, ते शास्त्रदृष्ट्या बरोबर नाही.

भार वाहताना इलेक्ट्रॉन धातूच्या कंप पावणाऱ्या अणूंवर आदळतात, आणि त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धातूला मिळते. प्रवाहाला होणाऱ्या या अडथळ्याला रोध म्हणतात. तार लांब असेल तर रोध वाढतो, जाड असेल तर कमी होतो. धातूप्रमाणेही तो बदलतो. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेद असलेल्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम भरतो; तेवढ्याच मापाच्या नायक्रोम तारेचा, म्हणजे निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूच्या तारेचा, सुमारे १.१ ओहम, अर्थात साठपटींहून अधिक भरतो. म्हणूनच वीज वाहून नेण्यास तांबे आणि शेगडीच्या वेटोळ्यास नायक्रोम, अशी विभागणी झाली आहे.

ओहमचा शोध

रोधाच्या एककाला ज्याचे नाव मिळाले, तो गेऑर्ग सिमॉन ओहम १७८९ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे जन्मला. त्याचा बाप कुलपे बनविणारा कारागीर होता. ओहम कोलोन येथील विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. तारेची लांबी बदलली असता प्रवाह कसा बदलतो, हे त्याला पाहावयाचे होते. परंतु त्या काळच्या विद्युत्‌घटांचा दाब वापरता वापरताच घटत जाई, आणि फरक तारेमुळे पडला की घटामुळे, हे कळणे कठीण होई.

ही अडचण दूर करण्यासाठी त्याने १८२६ मध्ये निराळ्या साधनाचा आश्रय घेतला. बिस्मथ आणि तांबे यांचे सांधे करून एक सांधा उकळत्या पाण्याच्या व दुसरा बर्फाच्या तापमानास ठेवला, की त्यांच्यामध्ये अल्प परंतु स्थिर दाब उत्पन्न होतो. त्या दाबाखाली त्याने निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडल्या, आणि टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून प्रवाह मोजला. या प्रयोगांतून निघालेला सिद्धांत त्याने १८२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आरंभी त्याच्या कार्याची म्हणावी तशी कदर झाली नाही. परंतु १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. पुढे १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत ओहम, व्होल्ट व अँपिअर ही एकके मान्य झाली.

ओहमच्या नियमाचा आशय असा : धातूच्या तारेचे तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असेल, तर तिच्यातून वाहणारा प्रवाह तिच्या दोन टोकांमधील दाबाच्या समप्रमाणात असतो. दाब दुप्पट केला तर प्रवाहही दुप्पट होतो. अर्थात दाबाला प्रवाहाने भागिले असता येणारी संख्या कायम राहते. तीच त्या तारेचा रोध होय. दाबासाठी दा, प्रवाहासाठी प्र आणि रोधासाठी रो ही अक्षरे घेतली, तर

रो = दा ÷ प्र

असे सूत्र मिळते. एक व्होल्ट दाबाने एक अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर रोध एक ओहम असतो.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

नायक्रोमच्या बारीक तारेचे एक वेटोळे, तीन कोरडे घट, एक अँमीटर आणि एक व्होल्टमीटर एवढे साहित्य पुरते. वेटोळे व अँमीटर एकापुढे एक जोडावे, आणि व्होल्टमीटर वेटोळ्याच्या दोन टोकांना जोडावा. प्रथम एक, मग दोन, मग तीन घट एकसरीने लावून प्रत्येक वेळी दोन्ही मापकांवरील आकडे टिपून घ्यावे. समजा, पुढीलप्रमाणे आकडे आले :

एक घट : १.४ व्होल्ट, ०.२८ अँपिअर, भागाकार ५.०
दोन घट : २.८ व्होल्ट, ०.५५ अँपिअर, भागाकार ५.१
तीन घट : ४.१ व्होल्ट, ०.८३ अँपिअर, भागाकार ४.९

तिन्ही भागाकार अगदी सारखे नसले तरी ५ च्या आसपासच आहेत. मापकाचा काटा वाचताना होणारी थोडी चूक आणि तारेचे किंचित तापणे, यांमुळे एवढा फरक पडणारच. त्यांची सरासरी घेऊन वेटोळ्याचा रोध ५ ओहम आहे असे म्हणण्यास हरकत नाही. वाचकांच्या हेही ध्यानात येईल, की एका घटावर १.५ व्होल्ट लिहिलेले असता वेटोळ्यावर १.४ व्होल्टच मिळाले. राहिलेला दाब मुख्यतः घटाच्या स्वतःच्या अंतर्गत रोधात खर्च झाला. म्हणून हिशेबासाठी घटावर छापलेला आकडा न घेता, वेटोळ्यावर प्रत्यक्ष मोजलेला दाब घ्यावा.

आता वेटोळ्याच्या जागी विजेरीचा तंतूचा दिवा लावून हाच प्रयोग करावा. या वेळी भागाकार कायम राहत नाही. दाब वाढवीत गेले की तोही वाढत जातो. कारण दिव्यातील टंगस्टनचा तंतू तापून पांढराशुभ्र होतो, आणि तापमान वाढले की धातूचा रोध वाढतो. २३० व्होल्ट व ६० वॉटच्या तंतूच्या दिव्याचा रोध तो पेटलेला असता सुमारे ८८० ओहम असतो; थंड असता तो याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. त्यामुळे बटण दाबताच पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह वाहतो. जुना झालेला दिवा बहुधा बटण दाबतानाच का जातो, याचे हे एक कारण आहे. ‘दाब भागिले प्रवाह’ हे रोधाचे माप येथेही लागू पडते. मात्र तो रोध त्या क्षणीच्या तापमानाचा असतो. ओहमचा नियम, म्हणजे रोध कायम राहण्याचा नियम, स्थिर तापमानाच्या अटीवरच खरा आहे.

शक्ती म्हणजे काय?

दर सेकंदाला जितकी ऊर्जा खर्च होते, तिला शक्ती म्हणतात. दर सेकंदाला एक जूल ऊर्जा खर्च होत असेल तर शक्ती एक वॉट होय. व्होल्ट म्हणजे दर कूलंबामागे जूल, आणि अँपिअर म्हणजे दर सेकंदाला कूलंब. दोहोंचा गुणाकार केला, की दर सेकंदाला जूल, म्हणजेच वॉट मिळतात. शक्तीसाठी श हे अक्षर घेतल्यास

श = दा × प्र

हे सूत्र मिळते. आता आरंभीच्या इस्त्रीकडे वळू. १००० वॉटांना २३० व्होल्टांनी भागिले, की प्रवाह ४.३५ अँपिअर येतो. मग २३० व्होल्टांना ४.३५ ने भागिले, की रोध सुमारे ५३ ओहम येतो. ही इस्त्री एक तास सतत चालू राहिली तर एक किलोवॉट-तास ऊर्जा खर्च होईल. विजेच्या बिलावर जिला ‘युनिट’ म्हणतात, ती हीच.

वरील दोन सूत्रे एकत्र केली म्हणजे शक्तीची आणखी दोन सूत्रे मिळतात :

श = प्र × प्र × रो
श = दा × दा ÷ रो

यांपैकी पहिले सूत्र इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल याने १८४०–४१ च्या सुमारास तारेत निर्माण होणारी उष्णता प्रत्यक्ष मोजून प्रस्थापित केले. दुसऱ्या सूत्राचा प्रत्यय कमी दाबाच्या दिवसांत येतो. घरातील दाब २३० वरून १८० व्होल्टांवर उतरला, तर त्याच इस्त्रीची शक्ती १८० × १८० ÷ ५२.९, म्हणजे सुमारे ६१२ वॉट होते. दाब जवळजवळ बावीस टक्क्यांनी घटला. उष्णता मात्र एकोणचाळीस टक्क्यांनी घटली.

एक भासमान विरोध

या दोन सूत्रांपाशी विद्यार्थी बहुधा अडखळतो. पहिले सूत्र सांगते, की रोध वाढला तर उष्णता वाढते. दुसरे सांगते, की रोध वाढला तर उष्णता घटते. दोन्ही खरी कशी असतील?

उत्तर असे, की रोध बदलला असता कोणती राशी कायम राहते, ते आधी पाहिले पाहिजे. शेगडी सरळ घरातील विजेला जोडली असता तिच्यावरील दाब कायम, म्हणजे २३० व्होल्ट असतो. अशा ठिकाणी कमी रोधाच्या शेगडीतून प्रवाह अधिक वाहतो, म्हणून तीच अधिक तापते. २००० वॉटच्या शेगडीचा रोध १००० वॉटच्या शेगडीच्या निम्मा असतो. येथे दुसरे सूत्र सोयीचे. उलट, एकाच मार्गात एकापुढे एक असलेल्या भागांतून प्रवाह एकच वाहतो. तेथे ज्या भागाचा रोध अधिक, तोच अधिक तापतो. येथे पहिले सूत्र सोयीचे. शेगडीचे नायक्रोम लाल होते आणि तिला वीज पुरविणारी तांब्याची तार हाताला फारशी ऊन लागत नाही, याचे कारण हेच. दोहोंतून प्रवाह एकच वाहत असतो.

कोणतेही सूत्र वापरले तरी एक पथ्य पाळावे. ज्या भागाची शक्ती काढावयाची, त्याच भागाचा रोध आणि त्याच भागावरील दाब घ्यावा. एका भागाचा रोध आणि दुसऱ्याचा दाब घेतला की उत्तर चुकते.

सैल प्लग आणि लांब वायर

आता हा हिशेब घरातील धोक्याला लावून पाहू. २००० वॉटचे पाणी तापविण्याचे यंत्र घ्या. त्यातून सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह वाहतो. त्याचा प्लग सैल झाला किंवा पितळी भागांवर गंज चढला, आणि त्या सांध्याचा रोध ०.२ ओहम झाला, असे समजू. यंत्राचा रोध २६ ओहमांहून अधिक असल्यामुळे या ०.२ ओहमाने प्रवाहात फारसा फरक पडत नाही. पाणी पूर्वीप्रमाणेच तापते आणि घरात कोणालाही शंका येत नाही. परंतु सांध्यात निर्माण होणारी शक्ती ८.७ × ८.७ × ०.२, म्हणजे सुमारे १५ वॉट भरते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याजवळचे लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्याच शक्तीवर धातू वितळविते. ही सर्व उष्णता प्लगच्या आत, हरभऱ्याएवढ्या जागेत साठते. प्लास्टिक प्रथम तपकिरी होते, मग वितळते, आणि क्वचित पेटते.

फ्यूज किंवा एमसीबी अशा वेळी काही करीत नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ही साधने प्रवाह मर्यादेबाहेर वाढला तरच मंडल तोडतात. येथे प्रवाह वाढलेलाच नाही. म्हणून गरम लागणारा प्लग, करपल्याचा वास किंवा काळवंडलेले सॉकेट दिसताच वीज बंद करून जाणकाराकडून ते बदलून घ्यावे.

दुसरा धोका बारीक वायरीचा. ०.७५ चौरस मिलिमीटर छेदाच्या १० मीटर लांब एक्स्टेन्शन वायरीत प्रवाहाची जाण्याची व येण्याची मिळून २० मीटर तांब्याची तार असते. तिचा रोध सुमारे ०.४६ ओहम. वरील यंत्र तिच्यावर चालविले तर तिच्यात ८.७ × ८.७ × ०.४६, म्हणजे सुमारे ३५ वॉट उष्णता निर्माण होते. वायर मोकळी पसरलेली असेल तर ही उष्णता दहा मीटरभर विखुरते. तीच वायर गुंडाळून ठेवली किंवा गादीखाली दडपली, तर उष्णतेला निघून जाण्यास वाट राहत नाही आणि वरचे आवरण मऊ पडू लागते.

आपल्याकडील लहान सॉकेट ६ अँपिअर व मोठे १६ अँपिअर प्रवाहासाठी असते. २३० व्होल्टांनी गुणिले असता लहान सॉकेटची मर्यादा १३८० वॉट व मोठ्याची ३६८० वॉट येते. यंत्रावरील पट्टी आणि सॉकेटवरील आकडा यांचा असा मेळ घालून पाहणे, हे कोणालाही जमण्यासारखे आहे.

दूर अंतरावर वीज नेताना

जो विचार वायरीला, तोच देशभर पसरलेल्या विद्युत्‌वाहिन्यांना लागू पडतो. भारतात १९०२ मध्ये कावेरी नदीवरील शिवसमुद्रम् येथे निर्माण केलेली वीज सुमारे १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविण्यात आली. त्यासाठी तीस हजार व्होल्टांच्या घरातील दाब वापरावा लागला. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा दाब सुमारे एक लाख व्होल्टांवर गेला होता.

एवढा दाब कशासाठी? एक उदाहरण घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून केवळ दोन तारांची वाहिनी कल्पू. तिचा एकूण रोध १० ओहम आहे आणि तिच्यात १००० किलोवॉट शक्ती सोडावयाची आहे. दाब १०,००० व्होल्ट ठेवला तर प्रवाह १०० अँपिअर होईल, आणि तारांत १०० × १०० × १०, म्हणजे १,००,००० वॉट, अर्थात एकूण शक्तीचा दहावा हिस्सा वाया जाईल. दाब १,००,००० व्होल्ट केला तर प्रवाह १० अँपिअरच होईल, आणि हानी १००० वॉट, म्हणजे हजारावा हिस्सा राहील. दाब दहापट वाढविला असता हानी शंभरपट घटली. वाहिनी तीच, तारा त्याच, आणि पोचणारी शक्ती मात्र अधिक.

हिशेबाची मर्यादा

घरातील वीज प्रत्यावर्ती आहे; तिची दिशा सेकंदात ५० आवर्तनांच्या गतीने उलटसुलट होत असते. २३० व्होल्ट हे तिचे असे सरासरी माप आहे, की तेवढ्याच स्थिर दाबाने जितकी उष्णता मिळाली असती तितकीच ती देते. म्हणून इस्त्री, शेगडी, तंतूचा दिवा यांना वरील सूत्रे जशीच्या तशी लागू पडतात. पंखा, पंप किंवा एलईडी दिवा यांची गोष्ट निराळी. त्यांच्यात दाब व प्रवाह यांचे चढउतार एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. त्यामुळे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार प्रत्यक्ष वॉटांपेक्षा अधिक येतो. अशा यंत्रांची शक्ती वॉटमापकानेच मोजावी.

मनुष्याच्या शरीरालाही रोध असतो. कोरड्या त्वचेचा तो पुष्कळ असतो. ओल्या हातांचा १००० ओहमांच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टांना १००० ने भागिले की ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह येतो. घरगुती वापराचे आरसीसीबी हे संरक्षक साधन ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच मंडल तोडण्यासाठी बनविलेले असते. त्यावरून २३० हा आकडा किती घातक आहे, हे कळून येईल. म्हणून या पुस्तिकेतील प्रयोग विद्यार्थ्यांनी कोरड्या घटांवरच करावे. घरातील विजेचा हिशेब कागदावर करावा. तिच्यावर प्रयोग करू नये.

स्वाध्याय

१. पाणी तापविण्याच्या कांबेवर ‘२३० व्होल्ट, १५०० वॉट’ असे लिहिले आहे. प्रवाह व रोध काढा. ती लहान सॉकेटात लावावी काय?
(उत्तर : सुमारे ६.५ अँपिअर, सुमारे ३५ ओहम, लावू नये.)

२. प्रत्येकी ५२.९ ओहम रोधाची दोन वेटोळी एकसरीने २३० व्होल्टांना जोडली. प्रवाह व एकूण शक्ती किती? रोध कायम आहे असे समजा.
(उत्तर : सुमारे २.१७ अँपिअर, ५०० वॉट.)

३. एका प्लगच्या सांध्यावर, १० अँपिअर प्रवाह वाहत असता, २ व्होल्ट दाब पडतो असे एका तंत्रज्ञाने मोजले. सांध्याचा रोध आणि त्यात दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता किती?
(उत्तर : ०.२ ओहम, २० जूल.)